रस्ता एक नंबरच्या घरापासून

आधी उपकार कुणाचे ते सांगतो, मग काय घडलं ते. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका निवृत्त पोस्टमननी मला शहरात चालायला शिकवलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, म्हणजे चालायला शिकायचं वय उलटून बरीच वर्षं झाली होती. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण स्वतःचं नाव कागदावर दिसलं की त्यांना कसंतरीच व्हायचं. "चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं हातात धरली," ते म्हणत, "आपलं हातात आलं की कुणाच्या तरी दारात टाकून यावंसं वाटतं."

मी त्यांना तात्या म्हणायचो. आमच्या बार्शीकडे मोठ्या माणसाला असं म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "ग्रँड." तिकडे छान, चालेल याला ग्रँड म्हणतात. ते मला बॉय म्हणायचे. त्यात विशेष काही नव्हतं, कॉर्कमध्ये ऐंशी वर्षांच्या माणसालाही बॉयच म्हणतात.

मी आठवीतून शाळा सोडलेला. पुण्यात खानावळीत पोळ्या लाटल्या, मग एका हॉटेलात तंदूरवर उभा राहिलो, आणि तिथून एका एजंटनं मला कॉर्कच्या रेस्टॉरंटमध्ये आणून सोडलं. वर्क परमिट मालकाच्या हातात. त्याची झेरॉक्स मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधून फिरायचो, आंघोळीला जातानासुद्धा दाराच्या कडीला अडकवायचो. पहिले पाच महिने मला कॉर्कमधल्या फक्त दोन जागा माहीत होत्या, भटारखाना आणि सहा जणांची खोली. नदी दोन गल्ल्यांवर होती. ती मी पाहिली नाही. कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, ही भीती.

आपली माणसं नव्हती असं नाही. कंपन्यांमधले इंजिनियर होते, पुण्या-मुंबईचे, नागपूरचे. गणपतीला त्यांनी मला बोलावलं, मी चाळीस जणांच्या पुरणपोळ्या केल्या. "वा, तुम्ही कुठल्या कंपनीत?" असं एकानं विचारलं. मी सांगितलं. मग तो पुरणपोळीबद्दल बोलला.

तात्यांची खोली मला दुकानाच्या काचेवर लावलेल्या चिठ्ठीवरून मिळाली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "खोली. जिना चढणारा माणूस हवा." घर टेकडीवर, त्या टेकडीला पायऱ्या, आणि घरात पुन्हा जिना. त्यांचे गुडघे गेले होते. वरच्या मजल्यावर ते दोन वर्षं गेलेच नव्हते, आणि तिथलं हवामान कसं आहे असं मला रोज विचारायचे.

स्वयंपाकघरात भिंतभर कपाटं होती. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तात्यांनी त्या प्रेसच्या फळ्यांना आपल्या जुन्या वाटपातल्या रस्त्यांची नावं दिलेली. मीठ कुठं आहे असं विचारलं की उत्तर यायचं, "बॅरक स्ट्रीट, सात नंबर." म्हणजे खालून दुसरी फळी, डावीकडून सातवी वस्तू. चहा शँडन स्ट्रीटवर. माझी हळद आणि गरम मसाला आला तेव्हा त्यांनी अर्धा तास विचार करून एक नवी फळी मोकळी केली आणि म्हणाले, "ही नवी वसाहत. हिला नाव तू दे." मी नाव दिलं पांडे चौक. बार्शीतला पांडे चौक अशा रीतीनं कॉर्कमध्ये गेला.

त्यांच्याकडे एक वही होती. तीत माणसं नव्हती, कुत्री होती. कुठल्या घरी कुठलं कुत्रं, कधी चावलं, त्याचं पिल्लू कुठं गेलं. चावलेल्या कुत्र्यांविषयी ते जास्त प्रेमानं बोलायचे.

पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. "ब्लार्नी स्ट्रीटवर एका बाईंना दे."

"पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे ना, तात्या?"

"आहे. पेटी तुला चहा देणार आहे का?"

आणि नियम सांगितला. रस्ता एक नंबरच्या घरापासून चालायचा. मध्येच कुठून घुसायचं नाही. घर दोनशे नंबर असलं तरी एकपासून. "शहर बघायला गेलास तर कुणी दार उघडत नाही, बॉय. काहीतरी पोचवायला जा."

मी गेलो. चढ असा की गळ्यातली पिशवी छातीवर आपटत होती. पाकीट हातात असल्यामुळे मी इथं काय करतो आहे या प्रश्नाला उत्तर होतं, आणि उत्तर असल्यामुळे तो प्रश्न कुणी विचारला नाही. बाईंनी दार उघडलं, पाकीट वाचलं, मला आत घेतलं, चहा दिला. पुढच्या रविवारी दुसरं पाकीट, दुसरा रस्ता. वर्षभर असं चाललं. नदी मी तिच्या चौदा पुलांवरून पाहिली. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हसत हसत पाकिटातला कागद दाखवला. त्यावर एवढंच होतं: "हा मुलगा पोळ्या करतो. भला आहे. चहा दे. साखर जास्त." मी तो कागद वाचल्याचं तात्यांना कधी सांगितलं नाही.

आमचं भांडण एकदाच झालं. मी आक्काला, माझ्या बहिणीला, पत्र लिहिलं आणि पाकिटाच्या मागे माझा पत्ता घातला. तात्यांनी पाकीट उलटं करून नाकासमोर धरलं. "हे काय?"

"पाठवणाऱ्याचा पत्ता. आमच्या आंतरदेशीय पत्रावर त्याची छापील जागाच असते."

"मागे पत्ता लिहिलास म्हणजे पोस्टमनला आधीच सांगितलंस की तुला जमणार नाही." ते खरोखर दुखावले होते. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. त्यांच्या एकाही पाकिटामागे कधी अक्षर नसायचं.

त्यांचा एक थोरला भाऊ होता. तरुणपणीच बोटीनं अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सला गेला तो परत आला नाही. पत्रं मात्र यायची. मग सव्वीस वर्षांपूर्वी, सप्टेंबरात आई गेली. भाऊ आला नाही, तेव्हा तात्यांनी त्याला एक कडक पत्र लिहिलं. त्या पत्राला उत्तर नाही. त्यानंतरही नाही. तात्या दर नाताळाला लिहीत राहिले, सव्वीस वर्षं. एकही पत्र परत आलं नाही, आणि पोस्टमनच्या डोक्यात याचा एकच अर्थ होता.

"परत आलं नाही म्हणजे कुणीतरी घेतो आहे," ते म्हणाले. "घेतो आणि बोलत नाही. रागावला आहे की मेला आहे, एवढंच मला कळू दे. त्याच्या दारात जाऊन उभा राहा. दारात उभं राहिलं की कळतं."

"मी?"

"माझे गुडघे जाणार आहेत का?"

रेस्टॉरंट नव्या फरशीसाठी तीन आठवडे बंद राहणार होतं. तिकीट तात्यांनी काढलं. व्हिसाचा फॉर्म भरायला मी एका इंजिनियरकडे गेलो. तो चांगला माणूस, पण त्याला हसू आवरेना. "अरे, आम्ही पाच वर्षं कॉर्कमध्ये आहोत, डब्लिनच्या पुढे गेलो नाही. आणि तू आठवी पास, थेट अर्जेंटिना?"

"सातवी पास," मी म्हणालो. "आठवी सोडली."

आतून त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जा. याला काही विचारू नका." फॉर्म शेवटी वहिनींनीच भरला.

डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला अर्जेंटिनाच्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, प्रवासाचं कारण? मी सांगितलं, एक पत्र द्यायचं आहे. पोस्टानं का पाठवत नाही, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पोस्टमननीच मला पाठवलं आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. आयर्लंडमध्ये परत येण्याचा वेगळा व्हिसा काढावा लागला. तो नसता मिळाला तर मी गेलो नसतो. हे मी तात्यांना बोललो नव्हतो, पण त्यांना माहीत होतं.

घराचा नंबर होता बेचाळीसशे पंधरा. तात्यांनी कागद-पेन्सिल घेतली. एका घराची रुंदी सात यार्ड, दोन्ही बाजूंना घरं. त्यांनी हिशेब केला आणि गंभीर झाले. "आठ मैलांच्या वर जाईल, बॉय. चढ धरून दोन दिवस ठेव." माझ्या पिशवीत त्यांनी ब्राऊन ब्रेड आणि तीन जोड मोजे घातले.

तर मी ब्युनॉस आयर्स असं पाहिलं. नोव्हेंबरातली सकाळ, तिकडे उन्हाळ्याची सुरुवात. एका मोठ्या चौकाशी तो रस्ता सुरू होतो. मी एक नंबरपाशी उभा राहिलो, हातात पाकीट. झाडं जांभळ्या फुलांनी भरलेली, खाली फरशीवर जांभळा सडा, आणि त्यावरून इस्त्रीच्या शर्टातली माणसं बँकांकडे निघालेली. बायका-पुरुष भेटले की गालाला गाल लावत होते, अगदी कारकुनासारखी दिसणारी माणसंसुद्धा. बसगाड्या लाल, निळ्या, हिरव्या, प्रत्येकीवर वेलबुट्टी. वरून टपटप पाणी पडलं. पाऊस म्हणून बघितलं तर खिडक्यांचे एसी गळत होते.

पहिला चौक ओलांडला आणि मी थबकलो. पलीकडच्या पहिल्या दारावर शंभरच्या पुढचा आकडा. मी मोजून नऊ दारं पाहिली होती. बाकीची कुठं राहिली? मी परत गेलो. पुन्हा एकपासून चालत आलो. तिसऱ्यांदा पाटीवरचे आकडे बोटानं वाचले, तेव्हा कळलं. तिकडे प्रत्येक चौकाला नवं शतक सुरू होतं, मधे घरं असोत नसोत.

मग मी चालत राहिलो. एक रस्ता इतका रुंद आडवा आला की तो ओलांडताना दोनदा सिग्नलला थांबलो. पुढं हिरवट घुमटाची मोठी इमारत, तिच्यासमोर माणसं पातेली वाजवत कसला तरी मोर्चा काढून उभी, आणि त्यांच्या बाजूला बाकावर एक जोडपं शांतपणे भांडत होतं. एक मुलगी कमरेला दोर बांधून पंधरा कुत्री घेऊन चालली होती. मी थांबून ती सगळी मोजली आणि रंग पाठ केले, तात्यांच्या वहीसाठी. सत्तावीसशेच्या आसपास स्टेशन, कापडाची दुकानं, फुटपाथवर ओरडून मोजे विकणारे. माझ्याकडे तीन जोड होते. डोक्यावरचं ऊन उजव्या हाताला होतं, तिकडे सूर्य उत्तरेच्या बाजूनं जातो. पश्चिमेकडे चालताना ते डावीकडे असायला हवं, असं अंग सांगत होतं, आणि तेवढ्यानंही मला परक्या घरात शिरल्यासारखं वाटत राहिलं.

एवढं गजबजलेलं गाव मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यात इतका एकटाही कधी नव्हतो. एका बाईंनी मला थांबवून स्पॅनिशमध्ये काही विचारलं. मी इथलाच वाटलो असेन. मी पाकीट दाखवलं. त्यांनी पत्ता वाचला, पुढे हात केला, माझ्या दंडावर थोपटलं आणि गेल्या. ते थोपटणं मला पुढचे तीन चौक पुरलं. रंगीत काचांच्या एका जुन्या कॅफेत सगळी माणसं खुर्च्या रस्त्याकडे करून बसली होती. मी बाहेरच्या बाकावर बसून ब्राऊन ब्रेड खाल्ला. दोन दिवसांचा रस्ता दुपारच्या आत संपत आला होता, आणि आता मला तो संपायला नको होता.

बेचाळीसशे पंधरावर घर नव्हतं. नऊ मजल्यांची इमारत होती. एक राखणदार दाराची पितळी पट्टी चिंध्यांनी घासत होता. मी पाकीट पुढं केलं. त्यानं नाव वाचलं, हातातली चिंधी खाली ठेवली आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोरीनं बांधलेला गठ्ठा होता. वर तात्यांचं अक्षर. एकही पाकीट उघडलेलं नाही. त्यानं वरचं पाकीट उलटं करून कोरी बाजू मला दाखवली, आणि दोन्ही तळवे वर केले. भाषेची गरज पडली नाही.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. राखणदार मला हाताला धरून तिथं घेऊन गेला, कारण दुकानातल्या बाईंना थोडं इंग्रजी येत होतं. त्या म्हणाल्या, "आयरिश ना? हो, जुन्या घरात राहायचा. मुलांना इंग्रजी शिकवायचा. एकटाच होता. वारला."

"कधी?"

त्यांनी विचार केला. "माझी मुलगी झाली त्या वर्षी. हिवाळ्यात, जुलैमध्ये. बाळंतपणात मी दुकानात नव्हते, त्यामुळे लक्षात आहे."

"मुलगी केवढी आहे?"

"सव्वीस."

घर पुढे पाडलं, आधीची पाकिटं त्यातच गेली असावीत. राखणदार नव्या इमारतीबरोबर आला, एकोणीस वर्षांपूर्वी. दर वर्षी एक पाकीट यायचं. फेकावंसं वाटलं नाही, परत कुठं पाठवायचं ते लिहिलेलं नव्हतं. जुन्या घरापुढचं एक झाड तेवढं उरलं होतं. त्याच्या मुळांनी फरशी उचलली होती. मी त्या मुळावर बसून राहिलो.

संध्याकाळी फोनच्या दुकानातल्या काचेच्या खोलीतून तात्यांना फोन केला. पहिल्या घंटीला उचलला.

"पोचलो, तात्या."

"फोनवर काही सांगू नकोस. आल्यावर सांग. एक नंबरपासून."

परत आलो. विमानतळावर माझ्यापुढच्या माणसाला बाजूला घेतलं, मला सोडलं. टेकडी चढलो, पिशवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो. तात्यांनी चहा ओतून ठेवला होता. त्यांनी टेबलावर जुन्या वॉलपेपरची गुंडाळी उलटी पसरली, पेन्सिलनं एक लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "चल."

मी सांगू लागलो. त्या दिवशी सहा चौक झाले. नंबरांची गोष्ट ऐकून ते चिडलेच. "नऊ घरांना शंभर नंबर? मग मधले कुठं गेले?"

"नाहीतच, तात्या."

"इथं अख्ख्या गल्ल्या आहेत, घरं आहेत आणि नंबर नाहीत. तिथं नंबर आहेत आणि घरं नाहीत. त्यांच्या पोस्टमनला वेड लागत असेल."

दर रविवारी पाच-सहा चौक. पंधरा कुत्र्यांवर एक अख्खा रविवार गेला. वॉलपेपरवर झाडं आली, घुमट आला, थोपटणाऱ्या बाई आल्या. गठ्ठा माझ्या पलंगाखाली होता. मी रात्री उताणा झोपलो की तो पाठीला टोचतो असं वाटायचं. एकेचाळिसाव्या चौकावर आलो तेव्हा मी आधीच तीनदा पाणी प्यायलो होतो. तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"किती होती?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आलास त्या दिवशी पिशवी जिन्यावर ठेवलीस," ते म्हणाले. "पत्रांचा गठ्ठा लाकडावर टेकला की कसा वाजतो ते मला कळणार नाही होय?"

"एकोणीस."

"उघडलेली?"

"नाही."

मग मी औषधाच्या दुकानातल्या बाईंची मुलगी सांगितली. तिचं वय सांगितलं. हिवाळा सांगितला, तिकडचा, जुलैतला, म्हणजे आई जायच्या आधीचा. तात्या उठले, दोन्ही कप धुतले, शँडन स्ट्रीटवर नेऊन ठेवले. पाठ माझ्याकडेच होती.

"म्हणजे रागावला नव्हता."

"नाही, तात्या."

"आणि मागे पत्ता नव्हता."

 त्यांनी प्रेसचं दार लावलं. मग म्हणाले, "झाड कसलं होतं?" आणि मी ते झाड सांगितलं. मुळांसकट.

आता तात्या शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात असतात. जिना नाही. मी डब्लिनला आलो, चेरीवूडच्या ऑफिसांमधल्या एका कँटीनमध्ये दुपारचा स्वयंपाक करतो. रांगेत कुणी मराठी असला तर त्याला ताटात डाळ पडली की कळतं, मग दोन शब्द होतात. परमिटची झेरॉक्स आता कपाटात असते.

गेल्या वर्षी माझ्या खोलीवर एक पाकीट आलं. तात्यांचं अक्षर, पण पत्ता ब्लार्नी स्ट्रीटच्या त्या बाईंचा. वर शिक्का, "येथे राहत नाहीत." उलटं केलं तर मागे माझं नाव आणि माझा पत्ता, ठसठशीत. मी पुढच्या रविवारी रेल्वेनं कॉर्कला गेलो आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. बाई गेल्या हे त्यांना कळलं.  मग त्यांनी पाकीट उलटं केलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"माझं नाव मागे लिहवत नव्हतं," ते म्हणाले. "आणि घ्यायला कुणीतरी हवं."

त्यांच्या खोलीत भिंतीवर तो वॉलपेपर लावलेला आहे. रेघ बेचाळीसशे पंधरापाशी, झाडापाशी थांबते. पुढं कोरा कागद आहे, दाराच्या चौकटीपर्यंत. तात्यांनी विचारलं, तो रस्ता पुढं कुठं जातो? मला माहीत नव्हतं, मी झाडापासून परत फिरलो होतो. एक दिवस मी पुन्हा जाणार आहे. पाकीट घेऊन जाईन, मागे आमचे दोघांचे पत्ते घालून. एकपासून चालेन, झाडापाशी थांबेन, आणि मग शेवटचा नंबर संपेपर्यंत चालत राहीन. आलो की त्यांच्यासमोर बसून सगळं सांगेन, कुत्र्यांसकट. तात्या, तेवढा कागद शिल्लक ठेवा.